बाद झालेली उडी

ज्या बाईने उभ्या आयुष्यात शेकडो गुडघे हाताळले, तिला गुडघा आतून तुटतो तेव्हा आवाज होतो हे माहीत नव्हतं. तो आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तो सख्ख्या भाचीच्या गुडघ्याचा. एकच आवाज, कोरडा, फार मोठाही नाही. ताणलेली दोरी तुटावी तसा. तिला वाटलं, छतावरचा कॅमेरा निसटून पडला, म्हणून तिने वर पाहिलं. खाली पोरगी आडवी झाली होती आणि ही बाई छताकडे बघत उभी होती. त्या दोन क्षणांवरून तिने पुढे स्वतःला किती बोल लावले असतील, त्याला सुमार नाही.

पण असं मधूनच सुरू केलं तर कोण बाई, कुठला कॅमेरा, काहीच कळायचं नाही. तेव्हा आधी बाईची ओळख करून घ्या.

तिला सगळे चिकटमावशी म्हणत. कंजूष होती म्हणून नव्हे. चिकटवणं हा तिचा धंदाच होता. एका मोठ्या क्रीडासंकुलाच्या तळघरात खेळाडूंच्या उड्या मोजायची प्रयोगशाळा होती, तिथे ती कामाला होती. खोलीला खिडकी नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या, छताला चहूबाजूंनी कॅमेरे आणि प्रत्येक कॅमेऱ्याभोवती लाल दिव्यांचं कडं. नवीन माणूस आत आला की आधी घाबरायचाच. जमिनीत दोन लोखंडी पाट बसवलेले होते, जमिनीच्या अगदी पातळीत. त्यांना फोर्स प्लेट म्हणत. त्यांच्यावर उडी मारून उतरलं की पायाखाली किती जोराचा दणका बसला ते क्षणाक्षणाला नोंदवलं जायचं. आणि खेळाडूच्या अंगावर, कंबरेपासून पावलापर्यंत, गोटीएवढे चकचकीत गोळे लावायचे. ते मार्कर. कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, फक्त हे गोळे दिसतात. गोळे जागच्या जागी हवेत, हाडाच्या नेमक्या उंचवट्यावर हवेत, घाम आला तरी निघता कामा नयेत. हे काम मावशीचं. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे तुकडे ती एप्रनच्या कडेला ओळीने लावून ठेवायची आणि बोलता बोलता माणूस सजवून मोकळी व्हायची.

पुढचं काम सांगाडेरावांचं. हे टक्कल पडलेले, पोट सुटलेले, स्वतः जिना चढताना धापा टाकणारे गृहस्थ. ते त्या गोळ्यांना जोडून संगणकात सांगाडा उभा करायचे, त्याला दोऱ्यांसारखे स्नायू जोडायचे, आणि उडी मारताना गुडघ्याच्या आत कुठल्या दोरीवर किती ताण पडला याचं गणित मांडायचे. गुडघा उघडून कुणी बघत नाही, पण आत काय चाललंय ते बाहेरून ताडायचं, असा सगळा मामला. एका पायावर उतरताना आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो हे पाहुण्यांना सांगितलं की ते हटकून आपल्या गुडघ्याकडे बघायचे. सांगाडेरावांना ते बघायला फार आवडायचं.

मावशी मूळची शिवणकामातली. खेळाडूंचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती मापं घ्यायची. कारखाना बुडाला, यंत्रं लोकांनी उचलून नेली, आणि मावशी गळ्यात टेप घालून घरी बसली. तेव्हा कुणीतरी सांगितलं, प्रयोगशाळेत बाई हवी आहे, कारण खेळाडू मुली पुरुषाच्या हाताला अंग चोरतात आणि अंग चोरलं की माप चुकतं. मुलाखतीत प्रयोगशाळेच्या मॅडमनी पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड दाखवा बरं." मावशीने बोट ठेवलं ते बरोबर हाडावर. वर म्हणाली, "मॅडम, तुमचा डावा खांदा जरा उतरतोय."

"मी गुडघा विचारला होता," मॅडम म्हणाल्या. पण हसल्या, आणि नोकरी पक्की झाली.

लग्न झालं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माप जुळलं नाही." दोन खोल्यांचं घर, शिलाई मशीन, आणि थोरल्या बहिणीची मुलगी. एवढाच तिचा संसार.

ही भाची तिच्याकडे राहायला आली ती उड्या मारण्यासाठी. पायच एवढे लांब, की घरात सगळे तिला नाकतोडा म्हणत. मुलगी असली तरी नाकतोडाच. तिहेरी उडी हा तिचा प्रकार. धावत यायचं, एका पायावर उडायचं, त्याच पायावर उतरून पुन्हा उडायचं, मग दुसऱ्या पायावर, आणि शेवटी वाळूत. ताईच्या गावात वाळूचा खड्डा नव्हता, मावशीच्या गावात चांगला होता. ताईने पोरीची बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या भरवशावर ठेवतेय. मला त्या उड्यांतलं काही कळत नाही, तुला कळतं." मावशीला कळायचं ते हाडांमधलं, उड्यांमधलं नाही, पण तिने मान डोलावली. मग पलंग आखूड पडला म्हणून त्याच्या पायथ्याशी स्टूल आलं, खिडकीत खिळ्यांचे बूट आले, न्हाणीघरात पायाचे पट्टे वाळत पडू लागले, आणि मावशीच्या घराला घरपण आलं. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही. ताईला तर मुळीच नाही, कारण ताईचं घर तेवढंच रिकामं झालं होतं.

नाकतोड्याची यंदा मोठ्या शिबिरासाठी निवड झाली. देशभरातून निवडक उड्या मारणारे तिथे जायचे. जाण्याआधी गुडघ्याच्या चाचणीचा अहवाल लागायचा: उडी मारताना गुडघा नीट वागतो, ताण मर्यादेत आहे, वगैरे. चाचणी कुठेही चालली असती. पण नाकतोडा म्हणाला, "तुमच्याकडेच करू की. घरचं मशीन असताना बाहेर कशाला?"

मावशीला आकाश ठेंगणं झालं. आपली भाची, आपली खोली, आपले मार्कर.

आता या खोलीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. प्रत्येक खेळाडूकडून चांगल्या पाच उड्या घ्यायच्या. चांगली म्हणजे पाऊल पूर्ण प्लेटवर पडलेली, तोल न गेलेली, सगळे मार्कर जागेवर असलेली. बाकीच्या बाद. आणि पडद्यावरच्या सांगाड्याने काही वेडंवाकडं केलं, मांडी उलटी फिरली, गुडघा नको तिकडे गेला, तर आधी मार्कर बघायचा. कातडी हलते, घामाने टेप सुटते, एखादा गोळा जरासा सरकतो, आणि पडद्यावर धडधाकट माणूस लुळापांगळा दिसतो. असं इतक्या वेळा झालं होतं, की पडद्यावर काही विचित्र दिसलं की मावशीच्या तोंडून आपोआप निघायचं, "मार्कर सरकलाय." सांगाडेराव म्हणायचे, "बाद." मावशी टेप बदलायची, खेळाडू उडी मारायला प्लेटशेजारच्या लाकडी पेटीवर पुन्हा चढायचा. काम पुढे जायचं.

वेडीवाकडी उडी म्हणजे कचरा, तो झाडून टाकायचा. आता माणूस सुबक, सरळ उड्या मारताना मोडतो का हो? मोडतो तो वेड्यावाकड्या उडीतच. पण एवढी शिकलेली माणसं, एवढे महागडे कॅमेरे, आणि हा साधा विचार त्या तळघरात कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मावशीच्याही नाही.

चाचणीच्या दिवशी नाकतोडा नेहमीसारखा बडबडत नव्हता. मावशीला वाटलं, शिबिराचं दडपण असेल. तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून मार्कर लावले. नडगीवर चार गोळ्यांची एक कडक पट्टी असते, ती तर तिने बांधून वर टेपने अशी आवळली की नाकतोडा म्हणाला, "मावशी, रक्त थांबेल."

"थांबू दे. मार्कर हलता कामा नये."

उजव्या गुडघ्याला हात लावला तेव्हा पोरीने पाय किंचित मागे घेतला. "गार हात आहेत तुझे," ती म्हणाली. मावशीने हात चोळले आणि काम पुढे चालू ठेवलं.

चाचणी अशी: पेटीवरून उजव्या पायावर खाली प्लेटवर उतरायचं आणि टेकता टेकताच जमेल तितकं उंच उडायचं, मग पुन्हा त्याच पायावर उतरायचं. पहिली उडी झाली. दुसरी झाली. दोन्ही जरा बेतानेच. सांगाडेराव म्हणाले, "हा नाकतोडा आहे की मुंगळा?" मॅडम त्या दिवशी मुद्दाम खाली आल्या होत्या, त्याही हसल्या.

तिसऱ्या उडीला पडद्यावरच्या सांगाड्याचा गुडघा आत कोसळला. उतरताना नडगी एकीकडे गेली आणि मांडी दुसरीकडे, अगदी निमिषभर, आणि पुन्हा सगळं सरळ. इकडे खरी पोरगी प्लेटवर उभी होती, हात पसरून तोल सावरत, तोंड किंचित उघडं.

"मार्कर सरकलाय," मावशी म्हणाली.

"बाद," सांगाडेराव म्हणाले.

मावशी खाली बसली आणि तिने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा गोळा ओढला. तो लगेच निघेना. ओढला तशी कातडी वर आली आणि मग चर्रकन सुटला. तिने जुनी टेप चुरगाळली, नवीन लावली, गोळा पुन्हा होता तिथेच बसवला आणि पोरीच्या पोटरीवर थाप मारली. "चल. आता झकास मार."

चौथी उडी झकासच झाली. पेटीवरून ती उतरली आणि टेकली न टेकली तोच अशी वर गेली की सांगाडेराव खुर्चीतून अर्धे उठले, "वा!" म्हणाले. मग ती खाली आली, उजव्या पायावर. आणि तो आवाज झाला.

छतावरून नजर खाली आली तेव्हा मावशीला आधी पाय दिसला, मग पोरीचं तोंड. नाकतोडा ओरडत नव्हता. दोन्ही हातांनी गुडघा धरून तो नुसता मावशीकडे बघत होता, आपलंच काहीतरी चुकल्यासारखा. धावत जायला हवं हे तिला कळत होतं, पण पाऊल उचलेना. आणि तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, "रेकॉर्डिंग चालू आहे ना?"

मावशीचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. पोरगी जमिनीवर पडली आहे, आणि बाई विचारतात काय तर रेकॉर्डिंग! सांगाडेरावांनी तर मान हलवून "हो" म्हटलंसुद्धा. दोघांच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता, तरी हे बोलणं झालं ते झालंच. मग मॅडमनाच काय झालं कुणास ठाऊक, त्या पुढे धावल्या, गुडघ्यावर बसल्या, आपला कोट काढून पोरीच्या डोक्याखाली सारला आणि "बाळा, हलू नकोस, हलू नकोस" म्हणत राहिल्या. माणसाच्या तोंडून आधी काय निघेल ते त्याच्या हातात नसतं, असं म्हणून सोडून देता येईल. मावशीने काही तेव्हा सोडून दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. गुडघ्यात मधोमध फुलीसारखे दोन पट्टे असतात, त्यातला पुढचा तुटला होता. पूर्ण. ऑपरेशन करावं लागेल, सूज उतरली की. नवा पट्टा बसवू, चालता येईल, पळताही येईल. "आणि उड्या?" मावशीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर तर विसराच. पुढचं पुढे बघू." मग फिल्मवर बोट टेकवून, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "हा आज एकदम तुटलेला दिसत नाही हो. आधी थोडा फाटलेला असावा. हाडाला मार लागल्याची जुनी खूण आहे. काही दिवसांपूर्वी पडली होती का?"

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाचीने भिंतीकडे पाहिलं.

तेव्हा मावशीच्या डोक्यात एकेक गोष्ट लख्ख झाली. गेले काही दिवस घरातसुद्धा पायघोळ पायजमा. जेवायला खाली बसायचं सोडून खुर्ची. गार हात. सगळ्या जगाच्या गुडघ्यांवर बोटं फिरवणारी बाई, आणि घरातला सुजलेला गुडघा तिला दिसू नये! तिला संताप आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

ताईला फोन करायचा होता. तो तिने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून केला. काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं, आणि ताईने "हं, बोल" म्हटल्याबरोबर सगळं विसरून थेट म्हणाली, "ताई, नाकतोड्याचा गुडघा गेला."

ताई म्हणाली, "कुठे? मैदानावर?"

"नाही. आमच्या खोलीत. चाचणी चालली होती."

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

ताईने पुन्हा काही विचारलं नाही. "येते," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मावशी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, तो केव्हाच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती रजा मागायला. सांगाडेराव एकटेच बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, "बसा. तुम्हाला एक दाखवायचंय. दाखवावं की नाही हेच कळत नव्हतं."

पडद्यावर सांगाडा होता. त्यांनी तिसरी उडी लावली. बाद केलेली उडी ते एका कोपऱ्यात टाकून ठेवत, लगेच पुसत नसत. सांगाडा उतरला, गुडघा आत कोसळला, सावरला. त्यांनी ते पुन्हा सावकाश लावलं.

"नडगीवरचे चारही गोळे बघा," ते म्हणाले. "एखादा सरकला असता तर एकटा सरकला असता. बाकीच्या तिघांपासून त्याचं अंतर बदललं असतं. मी रात्री मोजलं. तसूभर फरक नाही. मांडीचे पण तसेच, गुडघ्यावरचाही हाडाला धरूनच. सगळे जागेवर होते, मावशी. नडगीच सरकली होती."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं. तिला तो गोळा आठवला, ओढताना वर आलेली कातडी, चर्रकन सुटलेली टेप. सुटलेला मार्कर असा निघतच नाही. तो बोट लावलं की हातात येतो. तिच्या हाताने तिला सांगितलं होतं, आणि तिचं तोंड भलतंच बोलून बसलं होतं. का? सवयीने? हो, सवयीने. पण नुसत्या सवयीने नाही. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर कदाचित तिने टेप ओढताना थांबून वर पाहिलं असतं. आपल्या नाकतोड्याचा गुडघा असा आत पडू शकतो हे तिला खरंच वाटलं नाही. मार्कर खोटा ठरवणं सोपं होतं.

"मी पण बाद म्हणालो," सांगाडेराव म्हणाले. "बघितलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात आणि मी म्हणालो."

इतक्यात मॅडम आल्या. त्यांनी आधी नाकतोड्याची चौकशी केली, मग कालच्या बोलण्याची माफी मागितली. "माझ्या तोंडून ते कसं गेलं, मला अजून कळत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, खाली बघत, जे बोलायला आल्या होत्या ते बोलल्या. उडी मारताना नेमका कुठल्या क्षणी पट्टा तुटतो, याची एवढी बारीक नोंद क्वचितच कुणाच्या हाती लागते. मुद्दाम तर कुणी करू शकत नाही. पोरीने परवानगी दिली तर चौथ्या उडीवरून खूप शिकता येईल, इतर मुलींचे गुडघे वाचतील. "तुम्ही विचाराल का तिला? मला तोंड नाही."

मावशी तिथून उठून आली ती रजेचं न बोलताच. रस्त्यात तिला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. कालपर्यंत भाचीच्या पाच सुबक उड्या हव्या होत्या, आज मोडलेली एक हवी आहे. आणि विचारायचं कुणी, तर मावशीने! पण त्यात खोटं काही नव्हतं, हेही तिला कळत होतं, आणि त्यामुळे तर जास्तच राग येत होता.

चार दिवस तिने ते पोटात ठेवलं. ताई येऊन गेली; पोरीच्या उशाशी बसून राहिली, धाकट्या बहिणीशी मोजकंच बोलली, आणि ऑपरेशनच्या आधी पुन्हा येते म्हणून गेली. जाताना दारात म्हणाली, "तिने मलाही सांगितलं नव्हतं." ते समजूत घालणं होतं की तक्रार, मावशीला उमगलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी घरी मावशी बर्फाची पिशवी घेऊन पलंगापाशी बसली. पायाला मोठा पट्टा, खाली दोन उशा. मावशीने सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी जाब विचारायचा, का लपवलंस म्हणून. मग आपलं सांगायचं, तिसऱ्या उडीचं, सगळं, काही न ठेवता. मग ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. पण तोंडून निघालं ते मॅडमचं. भित्रं माणूस आधी दुसऱ्याचं सांगतं.

नाकतोड्याने ऐकून घेतलं. जराही चिडला नाही. "घेऊ दे की," म्हणाला. "पण चौथी एकटी नको. त्यांना सांग, तिसरी पण घ्या."

मावशीने बर्फाची पिशवी खाली ठेवली. "तिसरी? तिसरीचं तुला कुणी सांगितलं? सांगाडेराव येऊन गेले का?"

"कुणी कशाला सांगेल? गुडघा माझाच होता ना."

"अगं, मग..."

"मैदानावर पाय घसरला होता, मावशी. दहा-बारा दिवस झाले असतील तेव्हा. आत काहीतरी सटकल्यासारखं झालं. सूज आली, मग उतरली. डॉक्टरकडे गेले असते तर त्यांनी शिबिर बंद केलं असतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू आधी आईला फोन केला असतास." ती थोडं थांबली. "म्हणून तुमच्याकडे चाचणी करू म्हटलं. म्हटलं, मशीनला कळेलच. मग तूच मला सांगशील, बास झालं, उतर खाली. तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. दुसऱ्या कुणाचं नसतं ऐकलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पी-पी आवाज येत राहिला. मावशी वाट बघत होती. आता येणार ते तिला कळलं होतं, आणि तरी ते येऊ नये असं तिला वाटत होतं.

"तिसऱ्या उडीला परत सटकलं. मला नीट कळलं आतून. मी तुला हाक मारणारच होते. तेवढ्यात तू म्हणालीस, मार्कर सरकलाय."

"बाळा, मी..."

"मला इतकं हायसं वाटलं, मावशी! काय सांगू तुला. म्हटलं, चला, म्हणजे आपल्या मनाचेच खेळ होते. तू कधी चुकत नाहीस ना. इतके दिवस मी पाय जपून जपून टाकत होते. त्या तीन उड्यासुद्धा अर्ध्याच मारल्या, सांगाडेराव मुंगळा म्हणाले बघ. चौथी मात्र बिनधास्त मारली. सगळा जोर लावून."

यात टोमणा असता तर मावशीने तो झेलला असता. रडली असती, पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. पण पोरीच्या आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. तिचे डोळे चमकत होते. ती मावशीला एक चांगली गोष्ट सांगत होती, आणि मावशीच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

"छान गेली होती ना गं ती?" नाकतोड्याने विचारलं. "म्हणजे वर जाताना?"

मावशीने मान हलवली. खरंच छान गेली होती.